एन्कोडरची राखण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. इतवारीच्या अरुंद रस्त्यांवर काळी आणि पिवळी मारबत, बडगे, ढोलताशे आणि हजारो माणसे एकाच वेळी हलत असतात. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे एन्कोडरला, याहून अवघड दृश्य क्वचितच मिळेल. एन्कोडर प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहतो, जुळणारा भाग कुठून कुठे सरकला एवढेच टिपतो आणि खरोखर नवे असेल तेच साठवतो. मारबतीच्या गर्दीत नवे नाही असे फारसे काही उरतच नाही.

तरीही काम होते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र न दाबता, नेहमीच्या रंगमांडणीत, ठेवायचे तर सुमारे ३१ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर तासाभराच्या चित्रणाला जवळपास २८० गीगाबाइट. तेच चित्रण एच.२६४ पद्धतीने सेकंदाला ८ मेगाबिट या वेगाने साठवले, तर साडेतीन गीगाबाइटच्या आसपास मावते आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. ही किमया करणारा सर्वाधिक वापरातला मुक्त एन्कोडर म्हणजे एक्स२६४. व्हीएलसी प्लेयर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन मंडळींच्या छत्राखाली तो २००४ च्या सुमारास उभा राहिला. एच.२६४ हे मानक त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, आले होते.

लिनक्सवर केडेनलाइव्ह, ओबीएस किंवा एफएफएमपेग अशा व्हिडिओच्या साधनाने बनवलेली एमपी४ फाइल तुमच्याकडे असेल, तर टर्मिनलमध्ये तिच्यावर 'स्ट्रिंग्ज' ही आज्ञा चालवून पाहा. सुरुवातीच्या निरर्थक अक्षरांच्या गर्दीत बहुधा एक वाचता येणारी ओळ सापडेल. तीत एन्कोडरचे नाव एक्स२६४, मग 'कोअर १६४', मग 'आर३०९५ बीएईई४००' असा क्रमांक, 'कॉपीलेफ्ट' आणि साले, आणि पुढे लांबलचक पर्यायांची यादी असते: संदर्भ चित्रे ३, दर्जाचे नियंत्रण 'सीआरएफ', त्याचा आकडा २३. म्हणजे प्रत्येक फाइल आपण कोणत्या एन्कोडरने, कोणत्या आवृत्तीने, कोणत्या मापाने तयार झालो हे बरोबर घेऊन फिरते. यूट्यूब व्हिडिओ पुन्हा एन्कोड करते, त्यामुळे ही ओळ मूळ फाइलमध्येच पाहावी लागते.

'आर३०९५ बीएईई४००' हा क्रमांक सापडला, तर ती फाइल डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या, म्हणजे वापरायला तयार अशा संपूर्ण संचाच्या, जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीवर ('बुकवर्म'वर) बनलेली असू शकते. कारण बुकवर्ममध्ये एक्स२६४ ची हीच आवृत्ती आहे. ती व्हिडिओलॅनने डेबियनला पाठवलेली नाही. ती कोणीतरी निवडली, तपासली, पॅकेज म्हणून बांधली आणि तिची जबाबदारी घेतली. त्या माणसाला मेंटेनर म्हणतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे नाव लोकांना कधीमधी तरी माहीत असते. मेंटेनरचे जवळजवळ कधीच नसते. माझ्या मते आपल्या मशीनवर एन्कोडर नीट चालण्याचे निम्मे श्रेय त्याचे आहे, म्हणून हे काम नेमके काय असते ते तपशिलात सांगतो.

पहिली अडचण अगदी आरंभीच येते. एक्स२६४ चे लेखक 'आवृत्ती ३ प्रसिद्ध झाली' अशी घोषणा करत नाहीत. त्यांचे सोर्स कोडचे भांडार उघडे असते, त्यात बदल पडत राहतात आणि एक 'स्टेबल' नावाची शाखा असते. कुठल्या दिवशीचा, कुठल्या बदलापर्यंतचा कोड घ्यायचा हे मेंटेनरने ठरवायचे. म्हणून बुकवर्ममधल्या पॅकेजचा आवृत्ती क्रमांक असा विचित्र दिसतो: '२:०.१६४.३०९५+गिटबीएईई४००-३'. मधला १६४ हा एन्कोडरच्या गाभ्याचा क्रमांक. ३०९५ म्हणजे भांडारातला त्या क्रमांकाचा बदल, आणि 'बीएईई४००' ही त्या बदलाची खूण. शेवटचा ३ सांगतो की याच कोडवर डेबियनने केलेली ही तिसरी बांधणी आहे. सुरुवातीच्या २ ला 'इपॉक' म्हणतात. आवृत्त्या मोजण्याची पद्धत मध्येच बदलली आणि नवी आवृत्ती जुनीपेक्षा लहान दिसू लागली, की संगणकाची समजूत काढण्यासाठी हा आकडा वाढवावा लागतो. एकदा वाढवला की तो परत खाली आणता येत नाही. वर्षांपूर्वी कोणीतरी घेतलेला निर्णय त्या पॅकेजला जन्मभर चिकटतो.

पॅकेज बांधणे म्हणजे मूळ कोडशेजारी 'डेबियन' नावाचा एक फोल्डर ठेवणे. त्यातल्या 'कंट्रोल' फाइलमध्ये बांधणीसाठी आणि चालण्यासाठी काय काय लागते त्याची यादी, 'रूल्स'मध्ये बांधणीच्या पायऱ्या, 'कॉपीराइट'मध्ये कुठली फाइल कोणाची आणि कोणत्या परवान्याखाली, 'चेंजलॉग'मध्ये प्रत्येक बदलाची सही-तारखेसह नोंद, आणि 'पॅचेस'मध्ये मूळ कोडवर केलेल्या दुरुस्त्या. काम पाहिले तर चार-सहा साध्या मजकुराच्या फाइलींचे. पण प्रत्येक ओळीमागे एखादा प्रश्न सोडवलेला असतो.

कंट्रोल फाइलमधलाच एक पेच बघा. एफएफएमपेगला एच.२६४ मध्ये एन्कोड करायचे तर एक्स२६४ ची लायब्ररी लागते. उलट एक्स२६४ चा आज्ञावलीवरून चालणारा प्रोग्राम नाना तऱ्हेच्या व्हिडिओ फाइली उघडतो तो एफएफएमपेगच्या लायब्रऱ्यांच्या आधाराने. म्हणजे हे बांधायला ते हवे आणि ते बांधायला हे. रोजच्या कामात जुन्या बांधणीवर नवी चढवून वेळ निभावतो. पण नव्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी डेबियन शून्यातून उभे करायचे असते तेव्हा दोन्ही नसतात. मग आधी एक्स२६४ ची नुसती लायब्ररी बांधायची, तिच्यावर एफएफएमपेग, आणि मग एक्स२६४ पुन्हा पूर्ण रूपात. हा क्रम कोणीतरी विचार करून बसवावा लागतो; आपोआप सुटत नाही.

परवान्यांचे प्रकरण याहून नाजूक. एक्स२६४ आणि एच.२६५ साठीचा एक्स२६५ (त्याच्याकडे पुढे येऊ) हे दोन्ही एन्कोडर जीपीएल परवान्याखाली आहेत. एफएफएमपेग मूळचे बरेचसे एलजीपीएल या अधिक सैल परवान्याखाली. पण त्याला एक्स२६४ जोडला की ती सगळी बांधणी जीपीएलची होते. ऑडिओसाठी फ्राउनहोफरचा एफडीके-एएसी हा चांगला एन्कोडर आहे, पण त्याचा परवाना जीपीएलशी जुळत नाही. घरी स्वतःपुरते हे सगळे एकत्र बांधून वापरा, कोणी अडवत नाही. ते दुसऱ्याला वाटता मात्र येत नाही. एफएफएमपेगची बांधणीची यंत्रणा तशी स्पष्ट सूचनाच देते. इंटरनेटवरच्या अनेक मार्गदर्शक लेखांमध्ये हे सगळे पर्याय एका दमात चालू करायला सांगतात आणि मग लोकांना वाटते की डिस्ट्रोवाल्यांनी आळसापोटी काही वगळले. त्यांनी ते वाटण्याचा हक्क नसल्यामुळे वगळलेले असते.

आता वेगाकडे येऊ. एक्स२६४ वेगवान आहे ते त्यातल्या असेम्ब्लीमुळे. प्रोसेसरच्या एसएसई, एव्हीएक्स२ अशा खास सूचनांसाठी हाताने लिहिलेल्या हजारो ओळी त्यात आहेत आणि त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर 'नॅझम' नावाचा असेम्बलर करतो. मुद्दाम सांगितले तर एक्स२६४ असेम्ब्लीशिवायही बांधता येतो. बांधणी सुखरूप पार पडते, प्रोग्राम चालतो, व्हिडिओही बिनचूक निघतो, फक्त वेग कित्येक पटींनी घसरतो. तो घसरला हे कुठल्याही चाचणीत लाल अक्षरांत दिसत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना नागपुरात ज्याचा लॅपटॉप तासाभराऐवजी रात्रभर तापत बसतो, त्यालाच ते कळते. म्हणून चांगला मेंटेनर बांधणीची लांबलचक नोंद डोळ्यांखालून घालतो आणि 'एएसएम: येस' ही ओळ शोधतो.

याच्या उलट टोकाची चूकही होते. आपल्या मशीनसाठी सर्वांत वेगवान कोड हवा म्हणून कंपायलरला 'मार्च=नेटिव्ह' हा पर्याय देण्याची अनेकांना सवय असते. मेंटेनरला तो निषिद्ध. डेबियनची पॅकेजे तिच्या स्वतःच्या बांधणी-सर्व्हरांवर बनतात. त्यांचे प्रोसेसर नवे. तिथे बनलेला तसला कोड कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बारा वर्षे जुन्या संगणकावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जागीच कोसळेल. म्हणून मूळ कोड सर्वांत जुन्या समर्थित प्रोसेसरच्या मापाने बांधायचा (६४ बिटांच्या इंटेल-एएमडीसाठी ते माप एसएसई२) आणि वेगवान तुकडे आत ठेवून द्यायचे. प्रोग्राम सुरू होताना एक्स२६४ स्वतः प्रोसेसरला विचारतो, 'तुला काय काय येते?', आणि त्यानुसार तुकडा निवडतो. यामुळे एकच पॅकेज जुन्या ड्युअल-कोअरवरही चालते आणि नव्या रायझनवर पूर्ण वेगानेही पळते.

असेम्ब्लीत एखादे चिन्ह चुकले तर चित्रात हिरवे चौकोन उमटू शकतात. त्यासाठी एक्स२६४ च्या लेखकांनी 'चेकॲझम' नावाची चाचणी बनवली: प्रत्येक असेम्ब्ली तुकडा आणि त्याच कामाचा साधा सी भाषेतला तुकडा एकाच माहितीवर चालवायचा, आणि उत्तर बिटाबिटाने जुळले पाहिजे. ही कल्पना पुढे इतर कोडेक प्रकल्पांनीही उचलली. डेबियन तर इंटेल-एएमडीबरोबर आर्म, पॉवर, रिस्क-५, आयबीएमच्या मेनफ्रेमपर्यंत अनेक तऱ्हांच्या प्रोसेसरांसाठी बांधते. मेनफ्रेमवर कोण व्हिडिओ एन्कोड करणार, असे मनात येईल. पण आकडे उलट्या क्रमाने साठवणाऱ्या त्या यंत्रावर फुटणारी चूक पुष्कळदा आपल्या यंत्रावरही असते, फक्त दबलेली. म्हणून मला हा खटाटोप सार्थ वाटतो.

एक्स२६४ चा धाकटा भाऊ एक्स२६५. हा एच.२६५ साठीचा एन्कोडर २०१३ मध्ये मल्टिकोअरवेअर या कंपनीने सुरू केला, आणि तिच्या चेन्नईतल्या अभियंत्यांचा त्यात मोठा वाटा आहे. जगभरच्या लिनक्समध्ये बसलेला हा एन्कोडर बऱ्याच अंशी भारतात घडला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. मेंटेनरच्या दृष्टीने मात्र तो हट्टी आहे. रंगांची खोली ८, १० की १२ बिट हे त्यात बांधतानाच ठरते. म्हणून एकच कोड तीनदा बांधायचा आणि १० व १२ बिटांच्या बांधण्या ८ बिटांच्या लायब्ररीत जोडून एकच लायब्ररी करायची. एक्स२६४ मध्येही पूर्वी असेच होते. नंतर लेखकांनी ८ आणि १० बिट एकाच बांधणीत आणले आणि एक कटकट मिटली.

एक्स२६५ च्या देखभालीतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. दोन्ही एन्कोडरांनी आपल्या फंक्शनांच्या नावांतच क्रमांक मिसळला आहे. प्रोग्रामर लिहितो 'एक्स२६५ एन्कोडर ओपन', पण हेडर फाइल त्याला गुपचूप '१९९' अशी शेपटी जोडते. लायब्ररीचा क्रमांक बदलला की शेपटी बदलते आणि जुन्यावर बांधलेला प्रोग्राम नव्यावर सुरूच होत नाही. हे त्रासदायक वाटते, पण शहाणपणाचे आहे. चुकीच्या लायब्ररीशी जुळून मध्येच बिघडण्यापेक्षा सुरुवातीलाच थांबणे बरे. आता २०२४ च्या सप्टेंबरात एक्स२६५ ची ४.० आवृत्ती आली. तिने एन्कोड करणाऱ्या मुख्य फंक्शनची निकाली चित्रे परत देण्याची रीत बदलली. एफएफएमपेगला त्यासाठी स्वतःचा कोड बदलावा लागला. दोन-तीन महिन्यांत ४.१ आली आणि तो बदल मागे घेतला गेला. आज एफएफएमपेगच्या कोडमध्ये एक अट कायमची बसली आहे: क्रमांक २१० ते २१२ असेल तर असे वागा, एरवी तसे. ज्या मेंटेनराने घाईने ४.० उचलली त्याचे काम वाया गेले. जो थांबला त्याचे वाचले. नवे काही दिसताच ते वापरकर्त्याच्या ताटात वाढायचे नाही, हे या कामातले पहिले पथ्य आहे.

क्रमांक बदलला की पॅकेजचे नावही बदलते. बुकवर्ममध्ये एक्स२६५ ची लायब्ररी 'लिबएक्स२६५-१९९' होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती 'लिबएक्स२६५-२१५' झाली. एक्स२६४ मात्र दोन्हींत १६४ वरच राहिला, कारण मधल्या काळात आतले सुधारले तरी बाहेरचा सांधा बदलला नव्हता. नाव बदलणे हे मोठे काम आहे. नव्या नावाचे पॅकेज आधी 'न्यू' रांगेत जाते; तिथे एफटीपीमास्टर मंडळी परवान्यांची फाइल पुन्हा तपासतात. मग त्या लायब्ररीवर उभे असलेले सगळे प्रोग्राम नव्याने बांधावे लागतात. एक्स२६५ वर केवळ व्हिडिओची साधने उभी नाहीत. आयफोनच्या एचईआयसी छायाचित्रांसाठीची लिबहीफ ही लायब्ररीही त्याच्यावर विसंबते, आणि तिच्यावर फोटो दाखवणारे-सुधारणारे प्रोग्राम. एका एन्कोडरला हात लावला की हलते ते असे लांबवर. ही सगळी हालचाल डेबियनची रिलीज टीम एकाच वेळी, ठरवून घडवते. सेबास्टियन रामाखर हे नाव एक्स२६४, एफएफएमपेग यांच्या चेंजलॉगांमध्ये वारंवार दिसते आणि रिलीज टीमच्या कामातही. अशी दोन्ही बाजू सांभाळणारी माणसे असतात म्हणून ही संक्रमणे पार पडतात.

नवे बांधून झाले की संपले असे नाही. मूळ कोडला हात न लावता नुसते थांबले तरी पॅकेज मोडते, कारण त्याच्या भोवतीचे जग हलत असते. मार्च २०२५ मध्ये सीमेक या बांधणीच्या साधनाची ४.० आवृत्ती आली आणि तिने काही जुन्या सवलती काढून टाकल्या. एक्स२६५ त्या सवलतींवर विसंबून होता; त्याची बांधणी बंद पडली. एन्कोडरमध्ये एका अक्षराचाही दोष नव्हता. सगळ्या डिस्ट्रोंच्या मेंटेनरांना पॅच लावावा लागला. असे दर वर्षी होते: कधी नवा कंपायलर, कधी नवा असेम्बलर.

मेंटेनरच्या निवडीचे वजन किती असते, ते २०११ ते २०१५ या काळात दिसले. एफएफएमपेगच्या विकासकांत भांडण होऊन 'लिबएव्ही' नावाचा फाटा फुटला. डेबियनचे तेव्हाचे मेंटेनर फुटून निघालेल्या गटाबरोबर होते, त्यामुळे डेबियन आणि उबुंटूमध्ये एफएफएमपेगच्या जागी लिबएव्ही आले. वापरकर्त्याने 'एफएफएमपेग' ही आज्ञा दिली की पडद्यावर सूचना यायची की हा प्रोग्राम आता विकसित होत नाही, दुसरा वापरा. मूळ प्रकल्प तर जोमात चालू होता! लोकांचा मोठा गोंधळ झाला. २०१५ मध्ये डेबियनने पुन्हा एफएफएमपेगकडे जायचे ठरवले. त्याच सुमारास मायकेल नीडरमायर यांनी एफएफएमपेगचे नेतृत्व सोडले. पडद्यावरच्या त्या सूचनेने मूळ लेखकांवर अन्याय केला, असे माझे स्पष्ट मत आहे; मेंटेनरला निवडीचा अधिकार असतो, दुसऱ्याच्या प्रकल्पाला मृत ठरवण्याचा नसतो.

पेटंटांचा प्रश्न टाळून चालणार नाही. एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्हींवर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत. डेबियन एक्स२६४ आपल्या मुख्य भांडारात ठेवते. फेडोरा ही दुसरी डिस्ट्रो ठेवत नाही, कारण तिच्यामागे रेड हॅट ही अमेरिकी कंपनी आहे आणि तिथे खटल्याची भीती खरी आहे. म्हणून फेडोराच्या वापरकर्त्याला आरपीएम फ्यूजन या स्वतंत्र भांडाराकडे जावे लागते. २०२२ मध्ये फेडोराने ग्राफिक्स कार्डावरून होणारी एच.२६४, एच.२६५ ची कामेही आपल्या बांधणीतून काढली, तेव्हा अनेकांना अचानक व्हिडिओ अडखळताना दिसले. मध्यममार्ग म्हणून सिस्कोचा ओपनएच२६४ आहे: फेडोरा तो बांधते, पण वाटप सिस्को स्वतःच्या सर्व्हरवरून करते आणि पेटंटाचे शुल्क सिस्को भरते. एक्स२६४ इतका तो सर्वांगी नाही.

भारताची स्थिती वेगळी आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला आणि अल्गोरिदमला शोध मानत नाही. २००४ च्या अखेरीस एका अध्यादेशाने हे कलम सैल करण्याचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा तो भाग स्वीकारला नाही. याचा अर्थ इथे कोडेकवरून खटलेच होत नाहीत असा नाही. उपकरणांशी जोडलेल्या पेटंटांचे दावे दिल्ली उच्च न्यायालयात लढले गेले आहेत. शिवाय डिस्ट्रोचे भांडार साऱ्या जगासाठी एकच असते, त्यामुळे एका देशाच्या कायद्यावर तिला निर्णय घेता येत नाही. या कटकटीतून कायमचे सुटण्यासाठी २०१५ मध्ये काही बड्या कंपन्यांनी मिळून एक आघाडी केली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हे शुल्कमुक्त मानक आणले. त्याचा एसव्हीटी-एव्ही१ हा एन्कोडर इंटेल आणि नेटफ्लिक्सने मिळून वाढवला, आणि तो डेबियनमध्येही आहे, फेडोरामध्येही.

महाराष्ट्रात शुल्कमुक्त स्वरूपाचा विचार याआधीच एका मोठ्या उपक्रमाने केला होता. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ बनवतो आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे ध्वनिमुद्रण करतो. ते व्हिडिओ ओग-थिओरा या मुक्त स्वरूपात दिले जात. त्यामुळे कुठल्याही लिनक्स डिस्ट्रोवर, काहीही जादा न बसवता, ते चालत. गावच्या कॉलेजात इंटरनेट नसताना आणि कोडेक शोधून बसवायला कोणी नसताना, हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता हे वेगळे सांगायला नको.

राखणीचे काम किती एकाकी असू शकते याचा धक्का जगाला २९ मार्च २०२४ रोजी बसला. एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, तेही एसएसएच जोडणीला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध घेताना. एक्सझेड एक थकलेला माणूस एकट्याने सांभाळत होता. 'मदत करतो' म्हणत आलेल्याने दोन-अडीच वर्षे विश्वास कमावला आणि मग घात केला. चोरदरवाजाचा कळीचा भाग उघड्या भांडारात नव्हता. प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या बांधून दिलेल्या गठ्ठ्यात, होता. त्यानंतर मेंटेनरांत थेट गिट भांडारातून कोड घेण्याचा आग्रह वाढला. एक्स२६४ चे पॅकेज आधीपासून तसेच बनते, कारण त्याचे टारबॉल प्रसिद्धच होत नाहीत. आरंभी जी अडचण म्हणून सांगितली, ती या बाबतीत संरक्षण ठरते.

अशी कामे मराठी माणसाला परकी नाहीत. पुण्यात रेड हॅटचे मोठे कार्यालय आहे. देवनागरी मजकूर लिनक्सवर नीट दिसावा म्हणून लोहित फॉन्टची देखभाल तिथून वर्षानुवर्षे झाली. २०११ आणि २०१५ मध्ये फेडोराची फडकॉन परिषद पुण्यात भरली, आणि २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत. विदर्भात मात्र हे वातावरण विरळ आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारखी जुनी संस्था आणि तिच्याभोवती इतकी अभियांत्रिकी महाविद्यालये असलेल्या नागपुरात, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एखादे अनाथ पॅकेज दत्तक घ्यायला काहीच हरकत नाही. आणखी एक हजेरी नोंदवणारे ॲप बनवण्यापेक्षा त्यातून शिकायला कितीतरी जास्त मिळेल: कंपायलर, परवाने, प्रोसेसरांचे प्रकार, आणि अनोळखी माणसांशी नेमके बोलणे.

सुरुवात आज संध्याकाळी करता येते. डेबियन किंवा उबुंटूवर सोर्स भांडार चालू करून 'ॲप्ट सोर्स एक्स२६४' द्या, म्हणजे कोड आणि त्याचा 'डेबियन' फोल्डर उतरेल. 'ॲप्ट बिल्ड-डेप एक्स२६४'ने बांधणीचे सामान येईल. मग पॅकेज स्वतः बांधा आणि चेंजलॉग तळापासून वर वाचा. कुठला निर्णय कधी आणि का झाला याचा तो इतिहास आहे. 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' हे छोटे साधन बसवले, तर तुमच्याच मशीनवरच्या कोणत्या पॅकेजांना माणूस हवा आहे ते दाखवते. सुरुवातीला तुमचे पॅकेज दुसरा अनुभवी विकासक तपासून चढवतो. मेंटॉर्स या डेबियनच्या व्यवस्थेतून असा प्रायोजक मिळतो. पदवी कोणी विचारत नाही. ज्यांना एवढे करायचे नाही त्यांनीही एक काम करावे: एन्कोडर कोसळला, चित्र बिघडले, वेग अचानक पडला, तर मुकाट्याने दुसरे ॲप शोधू नये. 'रिपोर्टबग' चालवावे, फाइलमधली ती आवृत्तीची ओळ आणि दिलेली आज्ञा जशीच्या तशी चिकटवावी आणि पाठवून द्यावे. त्याला खातेही लागत नाही, फक्त ईमेल लागतो, आणि इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते.